थोरल्याची ओवाळणी

"पयलीच तं आहे ते. तिले नाही ओवाळायचं तं कोणाले ओवाळायचं?"

आवाज सासूबाईंचा होता. मी चारोळीची पुडी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. आत गॅसवर कोजागिरीचं दूध आटत होतं आणि ते ढवळत त्या काकूंशी बोलत होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. अकोल्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे. मधल्या भिंतीत एक दार आहे आणि ते बंद असलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

"पयली कशी वो बाई?" काकू म्हणाल्या. "पयला गेला ना तुमचा."

"बारसं झालं होतं काय त्याचं?"

"नाही झालं."

"मंग? बिनबारशाचं मोजत नाही."

"मोजत नाही कसं? पोटातून तं तोच आधी आला. थोरल्याचा मान थोरल्याचाच, तो असो का नसो. माह्यी माय सांगे, पयलं गेलं तं त्या मायनं मंग आश्विनी करूच नाही. दुसऱ्याले ओवाळू नाही."

"तुह्या मायचं राहू दे. गेलेल्यापायी असलेल्याले उपाशी ठेवा लागते काय?"

"मी दूध नोका देऊ म्हणलं काय तिले? ओवाळू नोका म्हणलं."

मी आत गेले नाही. पुडी घेऊन तशीच मागच्या अंगणात आले. तिथे माझी चार वर्षांची मुलगी पायरीवर बसून पायाला तेल चोपडून घेत होती, म्हणजे स्वतःच चोपडत होती. तिला सकाळीच सांगून झालं होतं की आज तुझी आश्विनी आहे, तुला नवा फ्रॉक आहे.

आश्विन पौर्णिमेला थोरल्या अपत्याला त्याची आई ओवाळते. फक्त थोरल्याला. माझ्या माहेरी अमरावतीलाही हे होतं आणि मी थोरली असल्यामुळे दरवर्षी पाटावर मीच बसायची. माझा धाकटा भाऊ बाजूला उभा राहून तोंड फुगवायचा आणि आई त्याच्या हातात एक पेढा देऊन त्याची समजूत काढायची. इकडे सासरी माझे पती थोरले. ते चाळिशीला आले, पुढचे केस गेले, तरी सासूबाई त्यांना पाटावर बसवतात. ते डोक्यावर हातरुमाल टाकून मांडी घालून बसतात आणि मोबाइल खिशात वाजत असला तरी काढत नाहीत.

माझ्या मुलीला मात्र आजवर ओवाळलं नव्हतं. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा ती फारच लहान होती, एकदा भावकीतलं सुतक, एकदा तिला ताप, मागच्या वर्षी आम्ही दोघी अमरावतीला होतो. प्रत्येक वेळी राहून गेलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. या वर्षी काहीच आडवं आलं नाही.

तिच्याआधी मला एक मुलगा झाला. तो बारशापर्यंत राहिला नाही.

एवढंच मी कुणाला सांगू शकते, आणि तेही लिहूनच. तो काचेच्या पेटीत होता आणि मला चाकांच्या खुर्चीवरून नेऊन दाखवायचे. त्याच्या कानांवर बारीक लव होती. नर्सबाई म्हणाल्या होत्या की ती नंतर झडून जाते. मी रोज आधी कानच पाहायची. ती झडली नाही.

तो गेला त्या दिवशी पुरुष मंडळी त्याला बाळापूरकडच्या आमच्या शेतात घेऊन गेली. इतक्या लहान मुलांना जाळत नाहीत. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही म्हणाले नाही. पती संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना काळी माती चिकटली होती. ते नळाखाली बूट धूत बसले. काळी माती सहज निघत नाही, ते काडीनं खरवडत होते. मी खिडकीतून विचारलं, "कुठे?" ते मान न उचलता म्हणाले, "धुऱ्यावर. लिंबाखाली." शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर बोललो नाही.

सासूबाई वाईट बाई आहेत असं कुणाला वाटायला नको. तो गेल्यावर दोन दिवसांनी माझी छाती दगडासारखी झाली. दूध थांबत नव्हतं, कपडे भिजत होते. मी कुणाला सांगितलं नाही, चादर ओढून पडून राहिले. त्यांना कसं कळलं माहीत नाही. त्या मामंजींचं जुनं मऊ धोतर घेऊन आल्या, दार लोटलं, मला बसवलं आणि छातीभोवती ते घट्ट गुंडाळून पाठीमागे गाठ मारली. गाठ मारताना त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मग समोर येऊन माझी हनुवटी वर केली.

"याद करशील तं येतच राहीन ते," त्या म्हणाल्या. "इसरा लागते, बाई."

त्या दुधाबद्दल बोलत होत्या. पण घरानं तो नियम सगळ्यालाच लावला. पाळण्याची दोरी निघाली, टोपडी कुणाला तरी दिली गेली. बारसं झालं नव्हतं म्हणून त्याला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून त्याच्याबद्दल बोलायला शब्दच नव्हता. सासूबाईंना कधी त्याचा उल्लेख करावाच लागला तर त्या "तवाचं ते" म्हणत. नंतर मुलगी झाली. बाया विचारत, एकच का? मी उत्तर जुळवेपर्यंत सासूबाई सांगून मोकळ्या होत, "हो, एकच. पयलीच." मला वाचवायलाच त्या पुढे होत असाव्यात.

म्हणून दाराशी उभी असताना मला जे वाटलं ते विचित्र होतं. काकू माझ्या मुलीच्या विरुद्ध बोलत होत्या. तिच्या पुढ्यातलं ताट उचलायला निघाल्या होत्या. आणि मला मात्र त्यांचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत त्या घरात कुणीतरी त्याला 'पयला' म्हणालं होतं.

पण मुलीनं काय केलं होतं? फ्रॉक पिवळा होता, त्याला खिसा होता आणि खिशात ती सकाळपासून सुपारी ठेवून फिरत होती. ओवाळलं तर तो नव्हताच असं ठरत होतं. नाही ओवाळलं तर ही बिचारी कायमची दुसरी, कुणाच्या मागे ते न कळता. दिवसभर मी हेच घोळवत होते. पुऱ्या लाटताना, तिला न्हाऊ घालताना, तिच्या कानामागचं तेल पुसताना. तिच्या कानांवर लव नाही.

दुपारी मामंजी शेतातून ज्वारीचे धांडे, म्हणजे उभी ताटं, घेऊन आले. आमच्याकडे आता कपाशी, तूर आणि सोयाबीन असतं, ज्वारी कुणी पेरत नाही. पण कोजागिरीला भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसते आणि तिच्या मखराला धांडे लागतात, म्हणून मामंजी चार ओळी ज्वारी टाकतात. ते गच्चीवर बसून धांड्यांची टोकं सुतळीनं एकत्र बांधत होते. मुलगी त्यांना विचारत होती, हे कुठून आणलं, आबा.

"धुऱ्यावरून."

"कोणत्या?"

"लिंबाजवळच्या." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहून सुतळीला आणखी एक पीळ दिला. मला वाटायचं की ती जागा फक्त पतींना माहीत आहे. मामंजीही होते त्या दिवशी, हे मी विसरले होते. दरवर्षी ते नेमके तिथेच ज्वारी टाकत आले होते आणि मी दरवर्षी त्या मखराला फुलं लावत आले होते.

संध्याकाळी गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला गच्चीवर आल्या. भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मखरात बसल्या, गाणी झाली, मग खिरापत ओळखणं सुरू झालं. सासूबाई झाकलेला डबा कानाशी हलवत विचारत, "गोड का खारं?" मुली ओरडून नावं घेत. लहानपणी अमरावतीत मी या घोळक्यात मागे उभी असायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, गाण्यातले निम्मे शब्द मला यायचे नाहीत, मी नुसते ओठ हलवायची. पण डब्याचा आवाज मला बरोबर कळायचा. शेंगदाणे, फुटाणे, करंजी, सगळं. मी कधीच ओरडून सांगितलं नाही. दुसरी कुणी ओळखेपर्यंत गप्प उभी राहायची आणि माझ्या मनातलंच उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. माझी मुलगी तशी नाही. ती चुकीची उत्तरंसुद्धा सगळ्यांत मोठ्यानं देते.

चंद्र शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आला तेव्हा मुली दूध पिऊन गेल्या आणि सासूबाईंनी पाट मांडला. आधी पतींचा मान. ते रुमाल शोधत होते.

"ये रे थोरल्या, बस," सासूबाई म्हणाल्या.

"रुमाल कायले पाहिजे त्याले," काकू कठड्याला टेकून म्हणाल्या. "बाप्पा, आकाशात आहे तेवढंच चांदणं याच्या डोक्यावर पडून राहिलं."

"काकू, पुढच्या वर्षी तुमी गॉगल लावून या," पती म्हणाले. सगळे हसले. सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. त्यांच्या तोंडात साखर घालताना दरवर्षीप्रमाणे सासूबाईंचे डोळे भरून आले. आपला थोरला समोर बसलेला आहे, आपण त्याला ओवाळतो आहोत, यात रडण्यासारखं काय आहे असं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं. आता वाटत नाही.

पती उठले. सासूबाईंनी पाट पुसला, नव्यानं दोन बोटं रांगोळी ओढली आणि माझ्या मुलीला बसवलं. काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं, पण त्या गेल्या नाहीत. सासूबाईंनी तबक माझ्या हातात दिलं. ओवाळायचं आईनं.

मुलगी मांडीवर हात ठेवून अगदी ताठ बसली. मग तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, थोरली म्हणजे काय?"

"थोरली म्हणजे सगळ्यात आधी आली ते."

"माझ्या आधी कोणीच नाही आलं?"

काकूंनी मान वळवून पाहिलं. पती रुमालाची घडी घालत होते, त्यांचा हात थांबला. मामंजी मखराजवळ बसले होते.

"कोणीच नाही, माय," सासूबाई म्हणाल्या. किती मायेनं म्हणाल्या. तिच्या कपाळावरचा केस बाजूला केला. "तूच पयली."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. हसून, खात्रीनं. धांड्यांची पानं वरून खाली लोंबत होती, अजून हिरवी. मी वाट पाहत होते. कुणीतरी बोलेल, पती, नाहीतर मामंजी, नाहीतर निदान काकू, ज्यांना सकाळी इतकं बोलता येत होतं. मागे उभं राहून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी जुनी सवय. पण हे उत्तर दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच.

मी तबक खाली ठेवलं.

"आई," मी म्हणाले, "अजून एक पाट द्या. हिचा दादा आधी आला होता. आधी त्याला ओवाळते, मग हिला."