कृष्णाजींचा पिंजरा

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात चौतीस वर्षं वेल्डिंग करून कृष्णाजी निवृत्त झाले, पण हाताची खाज काही निवृत्त होईना. घरातला चपलांचा स्टँड, कुंड्या, दुधाच्या पिशवीची पेटी, जे हलेल ते त्यांनी भिंतीला जखडलं. "आता मीच तेवढी सुटी राहिलेय," असं त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

घरामागे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. तिथे मोबाइलला सिग्नल म्हणाल तर पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. अशा ठिकाणी एका संस्थेने ग्रंथालयाचा डबा बसवला. जेवणाच्या डब्याएवढाच, पण पोटात हजारो पुस्तकं आणि शाळेचे धडे. इंटरनेट नको, रिचार्ज नको. जवळ बसून डब्याच्या वायफायला मोबाइल जोडला की झालं. सांभाळायला अर्थात कृष्णाजी. चोरी नको म्हणून त्यांनी डब्याभोवती लोखंडी पिंजराच वेल्ड करून टाकला. दार नाही, कुलूप नाही. "कुलूप फुटतं. माझा सांधा फुटत नाही!"

रोज संध्याकाळी पिंजऱ्यापाशी बसायला जागा मिळायची नाही. सर्वांत शेवटी उठायची ती पवित्रा. पॅकिंगची पाळी संपवून यायची आणि लग्नापायी सुटलेल्या बारावीचा अभ्यास करायची. परीक्षेला अठरा दिवस उरले होते.

तेवढ्यात संस्थेच्या इंदिरानगर ऑफिसातून शंतनु आला. मूळ पुण्याचा, वागायला अगदी गोड.

"काका, डॅशबोर्डवर तुमचं सेंटर झीरो दाखवतंय. आठ महिन्यांत एकही युजर नाही."

"अरे, मग ही समोर बसलीत ती काय भुतं?"

"तसं नाही हो. डबा दर महिन्याला नेटवर आणून सिंक करायचा होता. तरच आकडे पोचतात. मी ईमेल केली होती ना!"

"इथे? ईमेल?" कृष्णाजींनी टाकीकडे बोट दाखवलं. मग त्यांची नजर दार नसलेल्या पिंजऱ्यावर गेली आणि आवाज खाली आला. "सरी, ठीक आहे. आज ने, आकडे घे, उद्या परत आण."

"सेंटर क्लोज झालंय, काका. डबा दुसरीकडे दिलाय. तिथे नेट चांगलं आहे, सिंकचा प्रॉब्लेम येणार नाही."

पवित्रा कानडीत काहीतरी पुटपुटली. कृष्णाजींनी मराठीत सांगितलं, "अठरा दिवस मागतेय ती."

"माझ्या हातात असतं तर..." असं म्हणत शंतनुने पिंजरा ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही. क्षणभर कृष्णाजींची छाती फुगली.

"कटरवाला बोलावतो," शंतनु म्हणाला.

परका माणूस घाईत डबाच कापून ठेवेल. कृष्णाजी घरी गेले आणि स्वतःचा ग्राइंडर घेऊन आले. एकेक गज कापला. शंतनुच्या हाताला लागू नये म्हणून कडा घासूनही दिल्या.

"काय क्लीन काम आहे, काका!"

कृष्णाजींनी ग्राइंडरची वायर गुंडाळली.

डब्याला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे तो गाडीतही चालूच होता. शंतनुची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत पवित्राच्या मोबाइलवर ग्रंथालय जोडलेलं दिसत होतं. ती भराभर पानं उलटत होती.