एका केसपेपरवरचं घर

कॉम्प्युटरनं मंगलला एकसष्ट वर्षांचा पुरुष ठरवलं होतं. आजाराच्या रकान्यात फिट, गुडघेदुखी आणि लघवी तुंबणे. तो प्रिंट घेऊन मंगल माझ्यासमोर उभी होती. वय बावीस, कडेवर पोरगं. प्रिंटच्या खाली लिहिलं होतं, रिजेक्ट.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होते. शिक्षण चौथी. पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे मला साहेबांपेक्षा जास्त कळायचं, कारण तो घेऊन पळायला मलाच लावायचे.

मंगलला फिट यायची. रोज गोळी घेतली तर येत नव्हती. ती गोळी आमच्या स्टोअरला कधीच नसायची, डॉक्टर बाहेरची चिठ्ठी द्यायचे. अशा बाहेरच्या औषधांसाठी गरिबांना मदत देणारी एक योजना त्या वर्षी निघाली. अर्ज मात्र ऑनलाइन. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि तो टेलिफोनच्या वायरीतून जिल्ह्याला जायचा. इंटरनेट गावात एकाच ठिकाणी, बसस्टँडसमोरच्या टायपिंगवाल्या मास्तरांकडे. फोन चालू असला की लाईट नसायची. जिल्ह्याची जीप रोज रिकामी जायची, पण कागद तिच्यातून पाठवला तर प्रगती कशी होणार?

मंगलकडे अकरा गोळ्या उरल्या होत्या. सासूनं बजावलं होतं, पुन्हा फिट आली तर तुला माहेरी नेऊन सोडीन, पोरगं इथंच राहील.

मी मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, नाव मंगलचं, बाकी केसपेपरवर जे होतं ते मी जसंच्या तसं भरलं. खरंच तसंच भरलं होतं. केसपेपर म्हणजे खिडकीवर मिळणारा कागद. त्यावर पेशंटचं नाव, वय आणि खाली डॉक्टरांनी लिहिलेला आजार नि औषध. मंगलचा सासरा महादप्पा बाजारोबाजार लसूण विकायचा. त्यानं केसपेपर एकदाच काढला, स्वतःच्या नावानं. मग बायकोचे गुडघे, नातवाचे जुलाब, सुनेची फिट, सगळं त्यावरच. कागद भरला की मागं दुसरा टाचायचा. आमच्याकडं बरीच घरं असंच करायची. रांग वाचायची.

मी महादप्पाला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "रेशनकार्ड आख्ख्या घराला एक चालतं. मग ह्यो कागद कावून न्हाई चालत?"

याचं उत्तर सरकारकडंही नसावं.

नवा केसपेपर काढणं सोपं होतं. पण योजनेला सहा महिन्यांच्या आधीचा उपचाराचा पुरावा लागत होता आणि नवा कागद आजपासून सुरू झाला असता. मी जुना पेपर घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, वर लिहिलंय पुरुष, एकसष्ट. खाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय, पाळी नियमित."

साहेबांनी पेपर उलटा केला, सुलटा केला. "लोक दुसऱ्याचा पेपर पुढं करतात, मावशी. मी काय करणार?"

"मान वर करायची."

सिस्टर खोकल्या. साहेबांनी मला कामाला लागायला सांगितलं.

बाहेर मंगलनं पेपर परत घ्यायला हात पुढं केला, तेव्हा बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण.

"हे कशानं गं?"

"गेल्या उन्हाळ्यात फिट आली न् तव्यावर पडले. इथंच व्हते की आठ दिवस. तुमीच माजी चादर बदलायच्या."

मला आठवलं नाही. वॉर्डात इतक्या बायका येऊन जातात की चादरी लक्षात राहतात, बायका राहत नाहीत. पण तिला मी तिथंच बाकावर बसवलं. भरती झालेल्याचा कागद वेगळा असतो, इनडोअर पेपर. तो घरी देत नाहीत. आणि तो ज्याचा त्याचाच असतो, कारण आख्खं घर एका कॉटवर भरती करता येत नाही. येत असतं तर महादप्पानं केलं असतं.

रेकॉर्डरूममध्ये गठ्ठे छतापर्यंत होते. अर्धे उंदरांनी वाचून संपवलेले. दोन दिवस जेवणाची सुटी त्यात घातली तेव्हा तो उन्हाळा सापडला. मंगल, स्त्री, फिट येऊन भाजली, गोळी चालू. खाली त्याच साहेबांची सही.

या वेळी साहेबांनी मान वर केली. आधी मंगलकडं बघितलं, मग तिच्या हाताकडं. शिक्का मारला. कंपनीच्या माणसानं दिलेल्या सॅम्पलच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये होत्या, त्या तिच्यापुढं सरकवल्या. मास्तरांनी अर्ज पुन्हा भरला. महिन्याभरानं मंजुरी आली. तोवर त्या गोळ्या पुरल्या, फिट आली नाही आणि पोरगं आईपाशी राहिलं.

असा अर्ज करताना काय काळजी घ्यावी, असं बायका मला अजून विचारतात. मी सांगते, केसपेपर आपापल्या नावाचा काढा. तो नसेल तर एकदा भरती होण्याइतकं भाजून घ्या. त्याशिवाय सरकारला बाई आणि बाप्यातला फरक कळत नाही.