ओटीची झडती

"चोट्टी! सोड ओटी, सगळ्यांसमोर सोड!" मालकाचा दिवाणजी असा ओरडला, की तिकडे आर्णीच्या बाजारात बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या असतील.

मी सोडली नाही. कारण ओटी मी आधीच झाडून दाखवली होती. कापूस वेचला, वजनकाट्यावर टाकला, की प्रत्येक बाईनं कमरेची ओटी स्वतः सोडायची, दोनदा झाडायची, पुन्हा बांधून घरी जायचं. असा रिवाज. दिवाणजीनं नुसतं पाहायचं. पण माझी पाळी आली की त्याला शंका यायची. हात कमरेच्या घडीत शिरायचा आणि तिथून वाट चुकायचा. त्या दिवशी मी तो झटकला. म्हणून चोट्टी.

वीस बाया उभ्या. एक म्हणाली, "काही असल्याबिगर कोणी हात झटकते का?"

घरी आई म्हणाली, "तुह्याच वक्ती त्याले शंका काहून येते? कॉलेजात जाऊन राह्यली, दात काढून बोलते सगळ्याइसंग. मंग?"

आता मी पडले थापाडी. सरड्याची मगर करते, हे अख्ख्या गावाला ठाऊक. या वेळी घडलं त्याहून कमीच सांगितलं होतं. तरी आई म्हणे, "खरं सांग, किती वाढवून सांगून राह्यली?"

तिथंच माझं डोकं फिरलं. झडती माझी. चौकशी माझी. हसणं माझं. त्या हाताची झडती कोणीच घेत नव्हतं. म्हटलं, आता शंका मी घेईन. सगळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी वावराच्या धुऱ्यावरच्या खाजकुहिरीची लव काडीनं सागाच्या पानात गोळा केली. आतून पोत्याचा जाड तुकडा बांधला आणि पान कमरेच्या घडीत, जिथं कापूस कोणीच ठेवत नाही. काटा झाला. मी ओटी सोडली, दोनदा झाडली. रिकामी. बांधली. दिवाणजीला शंका आलीच.

मग तो असा नाचला! खाजवत खाजवत त्यानं सात वावरं पार केली. बरं, तीन. हात भोपळ्याएवढा सुजला. बोंबलला, "ह्या पोरीनं खाजकुहिरी लावली मले!"

आमच्यातली सगळ्यात म्हातारी गिरजामाय कमरेवर हात ठेवून पुढं आली. "ओटी तं पोरीनं आपल्या हातानं झाडली. आमी बाजूलेच उभ्या, आमाले खाज नाही. मंग तुह्या हाताले कुठं लागली रे?"

कोणी हसलं नाही.

"माह्या बी वक्ती," मागून एक म्हणाली. मग आणखी एक. मी त्यांच्याकडेही संशयानंच पाहिलं. काल कुठं होत्या या?

सकाळी वेचणीला कोणी गेलं नाही. मालक गाडी घेऊन थेट आमच्या दारात, कारण वेचणीला बाया गोळा करून आईच पाठवायची. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाला, "बाई, पोरीच्या जातीनं सांभाळून राहावं. झालं ते झालं. कापूस फुटून लोंबून राह्यला. बाया पाठवा."

आई तूर पाखडत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. भरवसा नव्हता मला तिचा. ती मान डोलावेल, मला आत जा म्हणेल, हे मी धरूनच चालले होते. तसं झालं असतं तर मी एकटीच काट्याजवळ जाऊन उभी राहणार होते, रोज, हातात दुसरं पान घेऊन. एवढं पक्कं ठरलं होतं.

सूप थांबलं नाही.

"तो काट्यावर हाय तवरी कोणी येत नाही," आई म्हणाली.