नावाड्याचा खेळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. दोघांनाही तालुक्याच्या शाळेत पाठवण्याची घरची ऐपत नव्हती. सातवीनंतर तिनं आपलं दप्तर माझ्या खांद्याला लावलं आणि ती शिवणयंत्रावर बसली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या यंत्राच्या जिवावर.

पण तिनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. लहानपणी आम्ही ओसरीवर एसटी-एसटी खेळायचो. ती प्रवासी, मी कंडक्टर. एकदा कंटाळून मी मध्येच म्हणालो, "आता मी ड्रायव्हर." ती तेव्हा डोक्यावर टॉवेल घेऊन म्हातारी झाली होती. तशीच कापऱ्या आवाजात म्हणाली, "मग माझं तिकीट कोण फाडणार रे बाबा? गाडी स्टँडवर लागल्याशिवाय कंडक्टर उतरतो होय?" मी मुकाट्यानं कडुलिंबाचं पान फाडून दिलं. त्या दिवशीची गाडी मला अजून आठवते.

नव्वदच्या दशकात मी शिकायला बनारसला गेलो आणि एम.एस्सी. झाल्यावर तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवू लागलो. क्लासचे मालक स्वतःला संगणकातले जाणकार समजत. वीज गेली की मुलांना घरी पाठवत, पण स्वतःच्या खेळासाठी जनरेटर लावत. त्यांच्याकडे कुठून तरी नक्कल करून आणलेला संगणकावरचा एक परदेशी खेळ होता. त्यात आपण एक भूमिका घ्यायची, योद्धा किंवा वैद्य, आणि हळूहळू अंगी बळ आणत जगभर फिरायचं. मालकांना हळूहळू काही नको होतं. त्यांनी खेळाच्या फाइलमधले आकडे बदलून पहिल्याच दिवशी सगळी शस्त्रं, सगळं बळ, सगळं सोनं घेतलं. "देख गुरू, भगवान बन गया!" असं ओरडले आणि अर्ध्या तासात खुर्चीतच घोरू लागले. असला देव मी दुसरा पाहिला नाही. क्लासातली पैसेवाली पोरंही त्यांच्याकडून हीच विद्या घेत आणि वर "खेळात दम नाही" म्हणत. ज्याला काही गमवायचंच नाही त्यानं खेळायला बसावं कशाला?

मग मालकांच्या डोक्यात आलं की काशीयात्रेचा असाच खेळ काढून परदेशातल्या भाविकांना विकावा. मला म्हणाले, "बना दे गुरू, परमनंट कर देंगे." हे मी ताईला कळवलं. 'करतील' असं मी लिहिलं होतं, तिनं 'केलं' असं वाचलं आणि सासरी पेढे वाटले.

मी नावाड्याचा खेळ केला. खेळणारा नावाडी. दशाश्वमेधावर माणसं उभी, नावेत जागा थोडी. कोणाला घ्यायचं ते आपण ठरवायचं. परत येईपर्यंत मागे राहिलेला माणूस निघून गेलेला असे. चित्रं ओबडधोबड होती, गंगा निळ्या पट्टीसारखी दिसे.

बालाजी घाटाजवळ मी ज्यांच्याकडे राहायचो त्या, हिंदीमिश्रित मराठी बोलणाऱ्या काकू एकदा दुपारी बाजारातून येताना क्लासात डोकावल्या. त्यांना मी खेळायला बसवलं. त्यांनी फोटो काढणारी हौशी मंडळी घेतली आणि अस्थींचं गाडगं घेतलेला एक म्हातारा घाटावर राहिला. परत आल्या तर तो नाही.

"अरे, कुठे गेला तो?"

"गेला काकू. थांबला नाही."

"असा कसा गेला? मी लवटून येतच होते ना!"

"त्याला काय माहीत?"

काकू भाजी घेऊन घरी गेल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उद्या मी पहिले त्यालाच बिठवणार. त्या फोटोवाल्यांना म्हणावं, पोहत जा." खेळ जमला हे मला तेव्हा कळलं.

मालकांनी दहा मिनिटं खेळून कपाळाला आठ्या घातल्या. "ग्राहकाला वाईट वाटायला लावतोस? गेलेला माणूस परत आणायला एक बटन दे. कोपऱ्यात पुण्याईचा आकडा वाढता ठेव. आणि मन भरलं की नाव सोडून पंडा व्हायचं, मग राजा. सब कुछ एक बटन में."

"मग नावेतल्या माणसांचं काय?"

"अरे, वो कौन सच्ची के आदमी हैं!"

मी बदल करून दिले. पुण्याईचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळू लागला. काकूंना ते दाखवलं. भर प्रवाहात बटण दाबल्याबरोबर त्या राजा झाल्या आणि वल्ही सुटली. "आणि ही माणसं?" त्यांनी विचारलं. मग उठून पिशवी घेतली. "तुझ्या मालकालाच खेळू दे हे. त्याला कोणाची पडली आहे?"

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की माझा आधीचा खेळ ठेवायचा असेल तर मी राहतो. ते हसले. "खेल है कि इम्तहान? जा गुरू, अपनी नाव चला." मी काकूंकडे आलो आणि ताईला पत्र लिहिलं.

"ती. ताईस, सा. न.

मी नोकरी सोडली. परमनंट झालोच नव्हतो, ते होईल असं होतं. तू पेढे वाटलेस, आता तुला ऐकून घ्यावं लागेल याचं मला फार वाईट वाटतं. माझं पत्र दाखव आणि चूक माझी आहे असं सांग.

इथे शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा आहे, तिथे अर्ज केला आहे. तोवर शिकवण्या घेतो. काकू जेवायला घालतात, तेव्हा उपाशी नाही.

तू म्हणशील, गाडी स्टँडवर लागायच्या आधीच उतरलास. ताई, मालक मला पॅसेंजर वाटेत सोडून राजा हो म्हणत होते. तसं तू मला एकदाही होऊ दिलं नाहीस. म्हणून उतरलो. चुकलं असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझा
धाकटा"