बंद केलेली तक्रार

गेली काही वर्षं मी फावल्या वेळात एक कॅलेंडर बनवतो आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि त्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, सुधारावा असा मोकळा ठेवलेला आहे. देशोदेशीची माणसं त्याला हातभार लावतात, चुका कळवतात. कुठली तक्रार घ्यायची आणि कुठली बंद करायची, हे मी ठरवतो. तिथे मी टोपणनावाने वावरतो, ते घरी कुणाला ठाऊक नाही. एवढ्याशा अधिकाराने माझ्या डोक्यात हवा गेली होती.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. आमच्या सेक्टरातल्या विहाराचा हॉल रविवारी कोणी उघडायचा, याच्या पाळ्या तेच लावतात. वही सोडून त्यांनी माझं कॅलेंडर घेतलं, ते केवळ माझं म्हणून. चार लोकांत तसं सांगायचेही. एकदा दोघांनी एका रविवारची आपसात अदलाबदल केली, प्लांटमध्ये ड्यूटी बदलून घेतात तशी. कॅलेंडरने पुढच्या सगळ्याच पाळ्या उलटसुलट करून टाकल्या. त्यापुढच्या रविवारी किल्ली घेऊन कोणी आलंच नाही. म्हातारी माणसं उन्हात उभी राहिली आणि बोल बाबांना लागला.

"तुयं कॅलेंडर गडबड करून राहिलं," ते घरी येऊन म्हणाले.

मी मान वर न करताच म्हणालो, "तुमचंच काही चुकलं असंन."

त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच साइटवर खातं उघडलं आणि तक्रार टाकली. शिफ्ट सुटताना लॉगबुकमध्ये पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतात ना, अगदी तशी, हिंदीत. काय दिसलं, काय करून पाहिलं, काय बाकी आहे. खाली सहीच्या जागी प्लांटमधला त्यांचा टोकन नंबर.

नंबर बघताच मी ओळखलं. त्याच दिवशी आमची नवी आवृत्ती निघाली होती, बाहेरचे लोक ते पान पाहत होते. मला बापाची लाज वाटली. हे असंच लिहायला हवं, दुसरं काही लिहिलं तर ते खोटं. पुढे न वाचता 'असंबद्ध' असा शेरा मारून मी तक्रार बंद केली.

दोन दिवसांनी परदेशातल्या एका बाईने ती मशीनकडून भाषांतर करवून वाचली, लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी करून पाहिली आणि चूक पकडली. चूक माझ्याच कोडमध्ये होती. तिने तक्रार पुन्हा उघडली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, इतकी स्पष्ट तक्रार इथे क्वचित येते. ही बंद कशी झाली?

बाबांनी मला ते वाचून दाखवायला लावलं. शेवटचा प्रश्न मी खाऊन टाकणार होतो, पण त्यांनी स्वतःच विचारलं, "मंग पहिले बंद कावून केली होती? कोनं केली?"

"असंन कोणी."

ते म्हणाले, "तिले इंग्रजीत लिव. ज्यानं बंद केली त्याले बोलू नका म्हनाव. घाईत असंन बिचारा. आमच्याकडं बी होऊन जाते असं."

त्यांच्या खात्यातून मी शब्द न् शब्द लिहिला आणि पाठवला. तिथल्या प्रत्येक उत्तराची सूचना मला येते. टेबलावरचा माझा फोन वाजला.

"पाह्य बरं, कोनाचं हाय," बाबा म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं, "जाहिरात हाय."