पंजाबरावांच्या घरातला बाईचा आवाज

भिलाईच्या स्मृतिनगरात एका उन्हाळ्यात कुजबुज उठली होती, की पंजाबराव लांजेवारांनी घरात बाई आणून ठेवली आहे. बायको लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि हा स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, डोक्यावर चार केस उरलेला गृहस्थ भर दुपारी परक्या बाईला घरात घेऊन बसतो! पुरावा काय म्हणाल तर आवाज. खणखणीत, तरुण, शहरी वळणाचा. "पंजाबराव, इकडे या." जरा थांबून पुन्हा, "पंजाबराव, इकडे या."

नुसता बाईचा आवाज असता तर लोकांनी टीव्ही समजून सोडूनही दिलं असतं. पण ही नाव घेऊन बोलावत होती. भिलाईत येऊन माणसांची दुसरी पिढी म्हातारी झाली, पोरं उंबरा ओलांडला की हिंदीत शिरतात, तरी भंडारा-गोंदियाकडून आलेल्या घरांत त्या वयाची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, तेही बाया दार अडवून उभ्या राहिल्या तर. म्हणजे ही बोलावणारी बायको नव्हे, एवढा निष्कर्ष शेजारच्या प्रेमलाबाईंनी कुकरची शिट्टी व्हायच्या आत काढला, आणि पोळ्या होईपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचलाही होता.

पंजाबराव नोकरीभर क्रेनवर होते. शेडच्या छताखाली टांगलेली केबिन, खाली वितळलेलं लोखंड, आणि आवाज एवढा की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येऊ नये. खाली उभा असलेला गडी हात वर करी, मूठ मिटी, बोट फिरवी, आणि पंजाबराव वरून बरोबर तेच करत. सगळी नोकरी इशाऱ्यांवर काढली, ह्याचा त्यांना भारी तोरा होता. लग्नकार्यात चार माणसं जमली की सांगायचे, "मले बोलावं लागत नाई. हात हालला का मले समजते."

तो तोरा आता उतरला होता. बायकोचा, बेबीताईंचा, उजवा हात गेला, वाचा गेली, राहिला डावा हात. तो त्या उचलत. पंजाबराव पाणी आणत. त्या डोळे मिटत. पंखा लावला तर मान फिरवत. उशी सारखी केली, खिडकी उघडली, खिडकी लावली, तरी हात हवेतच. शेवटी तो आपोआप खाली पडे आणि काय हवं होतं ते राहूनच जाई. प्लांटमध्ये एक इशारा चुकला असता तर माणूस गेला असता. इथं दिवसभर चुकत होते आणि ओरडायलाही कोणी नव्हतं.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं होतं, "काका, त्या स्वतःहून कोणाला बोलावतात का, एवढं बघा. हाक मारायची धडपड दिसली तर पुढचं शिकवता येईल. तेच नसेल तर मीही काही करू शकणार नाही."

पंजाबरावांच्या डोक्यात ती हाक बसली. बेबीताईंनी एकदा हाक मारली पाहिजे. तोंडानं नाही तर नाही, कशानंही.

त्याच सुमारास सिविक सेंटरला एका क्लासची पाटी लागली: उन्हाळी सुट्टीत मोबाइल अ‍ॅप बनवायला शिका. पंजाबराव आत शिरले तेव्हा समृद्धी मॅडम हसून म्हणाल्या, "या काका. नातू कुठंय?"

"नातू हैदराबादले आहे. मीच आहो."

मग लांजेवार काका पाचवी-सहावीतल्या पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसू लागले. टीना नावाची शेजारची चिमुरडी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अंकल, आप फेल हो गए थे क्या?"

"हां बेटा," पंजाबराव म्हणाले, "एक ही सब्जेक्ट में."

शिकायचं होतं ते मात्र त्यांच्या मनाजोगं निघालं. लिहायचं काही नाही. स्क्रीनवर रंगीत ठोकळे, प्रत्येकाला एकीकडे खाच, एकीकडे दात. एक पिवळा ठोकळा: जेव्हा बटन दाबलं जाईल. त्याच्या पोटात बसणारा जांभळा: तेव्हा बोल. आणि जांभळ्याच्या कडेला गुलाबी, त्यात काय बोलायचं ते भरायचं. खाचेत दात बसला की टक् असा आवाज येई, आणि त्या आवाजावर पंजाबराव खूश. पहिल्या वेळी त्यांनी जांभळा ठोकळा पिवळ्याच्या नुसता शेजारी ठेवला. फोन मुका. दुसऱ्या वेळी फोन बोलला, पण मराठी अशा सुरात वाचलं की दुर्ग स्टेशनवर गाडी लेट झाल्याची घोषणा वाटावी. मॅडमनी भाषेचा ठोकळा जोडून दिला, तेव्हा आवाज ताळ्यावर आला.

पहिला धडा होता घरातल्या कोणाला तरी बोलावणारं बटन. टीनानं "मम्मी, इधर आओ" केलं. एकानं भावाचं नाव टाकलं. पंजाबरावांनी बटनावर आपला पिवळ्या हेल्मेटातला जुना फोटो लावला आणि गुलाबी ठोकळ्यात भरलं, "पंजाबराव, इकडे या." सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. काका लाजले.

घरी आल्या आल्या त्यांनी फोन बेबीताईंपुढे धरला. "हे पाय. हा मी. हे दाबलं का हे मले बोलावते, अन् मी येतो." स्वतः बटन दाबलं, "पंजाबराव, इकडे या" झालं, मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून लगबगीनं परत आले. "आलो का नाई?"

बेबीताईंनी पाहिलं. त्यांचं बोट धरून पंजाबरावांनी फोनजवळ नेलं, तसं बेबीताईंनी बोट ओढून घेतलं आणि हात पदराखाली लपवला.

पंजाबरावांना वाटलं, बटन लहान आहे. मोठं केलं. सबंध स्क्रीनभर हेल्मेटवाले पंजाबराव. त्यांना वाटलं, आवाज कमी आहे. वाढवला, आणि स्वयंपाकघरात ऐकू येतो का, मोरीत ऐकू येतो का, मागच्या अंगणात येतो का, हे पाहायला दुपारभर स्वतःच दाबत हिंडले. अंगणात तो चांगलाच ऐकू येत होता. प्रेमलाबाईंच्या अंगणातही.

बेबीताईंचा हात मात्र पदराखालीच.

दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "हाक मारतात?"

"नाई मॅडम. मी तर बटनही बनवून देल्लं. एका बोटाचं काम. तरी नाई." मग पंजाबराव खाली पाहत म्हणाले, "मले नाई वाटत आता तिले काही समजते म्हणून."

बेबीताई शेजारीच होत्या, चाकाच्या खुर्चीवर. मॅडमनी सध्या सराव थांबवू म्हणून सांगितलं, काही फरक दिसला तर फोन करा म्हणाल्या. परत येताना ऑटोत मुलाचा, प्रफुलचा फोन आला, तेव्हा तेच वाक्य पंजाबरावांनी त्यालाही सांगितलं. ऑटोचा खडखडाट होता, म्हणून ओरडून सांगितलं. बेबीताई बाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर लवकरच प्रेमलाबाई पाटवडीचा रस्सा घेऊन आल्या. रस्सा निमित्ताला. त्यांनी आधी वऱ्हांड्यातल्या चपला पाहिल्या, मग पडद्याच्या मागे पाहिलं, मग बेबीताईंची विचारपूस करता करता दिवाणाखालीही नजर टाकून घेतली. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "पंजाबराव, इकडे या." प्रेमलाबाईंनी भांडं तिथंच ठेवलं आणि धाड घातल्यासारख्या आत शिरल्या. आत पंजाबराव एकटे, हातात फोन.

"कोठी हाय ते?"

"कोण?"

"तुमाले नावानं बोलावणारी!"

"हे?" पंजाबरावांनी बटन दाबलं. बाई बोलली.

प्रेमलाबाई पोळपाटाशेजारी मटकन बसल्या. एवढी भरल्या अंगाची बातमी, आणि निघाली फोनातली! पंजाबरावांना त्यांचा चेहरा कळला नाही. त्यांना बिचाऱ्यांना कोणीतरी ऐकून घेणारं हवं होतं. त्यांनी वर्गापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. "एक बटन, वैनी. लहान लेकरू दाबते. हे नाई दाबत. डोकंच गेलं तिचं."

"तुमचं गेलं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "काय भरलं जी त्यात? तुमचं नाव ना?"

"मग कोणाचं भरू?"

"अन् ते बेबीताई दाबन? हळदीकुंकवात उखाणा घे म्हटलं तर पदर तोंडात धरून पळणारी बाई! ते साऱ्या मोहल्ल्याले आयकू जाईन असं नवऱ्याचं नाव घेईन?"

"ते कावून घेईन? मशीन घेते."

"बोट कोणाचं?"

पंजाबरावांनी फोन ओट्यावर ठेवला. दोघं बाहेर आले. बेबीताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या प्रेमलाबाईंकडे पाहत होत्या, असं, की दोन बायकांचं एका पुरुषाच्या बिनडोकपणावर एकमत झाल्यावर पाहावं. मग डोळे भरले. पंजाबरावांकडे त्यांनी पाहिलं नाही. तिला समजतं. सगळं समजतं. आणि दवाखान्यातलंही समजलं, ऑटोतलंही. हे पंजाबरावांना तेव्हा कळलं.

"मग काय म्हणते ते मले?" त्यांनी हळूच प्रेमलाबाईंना विचारलं.

"अगं माय! तुमाले मालूम नाई?"

पंजाबराव आठवू लागले. आठवेना. बायको आपल्याला काय म्हणून हाक मारत होती? ती दाराशी येऊन उभी राहायची, ते आठवलं. भांडं जरा जोरात ठेवायची, तेही. "तुझ्या बाबाले सांग," असं प्रफुलला म्हणायची. पण त्यांना स्वतःला?

"अजी म्हणे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडून आमाले आयकू ये, अन् तुमाले नाई?"

झालं. आता "अजी" भरायचं. तर क्लास संपला होता आणि समृद्धी मॅडम गावाला गेल्या होत्या. पंजाबराव एकटेच बसले. नाव पुसायला गुलाबी ठोकळा उचलायचा, तर त्यांनी पकडला पिवळा, आणि पिवळ्याला चिकटलेले सगळे त्याच्या मागोमाग स्क्रीनवरच्या कचऱ्याच्या डब्यात गेले. खालून कोणी हात करून थांबवणारं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. कुठला दात कुठल्या खाचेत, ते विसरलेलं. भाषेचा ठोकळा तर सापडेचना, तेव्हा आवाज पुन्हा स्टेशनवर गेला. "अजी" म्हणजे दुर्गहून सुटणारी एखादी गाडी वाटावी.

मग त्यांना वाटलं, तिचाच आवाज घालू. प्रफुलच्या लग्नाचा व्हिडिओ काढला. बेबीताई सगळीकडे होत्या. अक्षता वाटताना, व्याह्यांच्या पंगतीला वाढताना, सुनेचा पदर सावरताना. वर बँड वाजत होता. सगळ्या व्हिडिओत त्या दिसत होत्या, ऐकू मात्र एकदाही आल्या नाहीत.

प्रेमलाबाई म्हणाल्या, "माझ्या आवाजात भरा ना." फोन तोंडापुढे धरला, "अजी..." म्हणाल्या, आणि दिवाणावरून बेबीताईंनी अशी नजर टाकली की बाईंनी दातांखाली जीभ धरली. "अगं बाई, दुसऱ्याच्या नवऱ्याले कशी म्हणू मी!" पंजाबरावांनी स्वतःच्या आवाजात करून पाहिलं. ऐकलं आणि लगेच पुसलं.

शेवटी समृद्धी मॅडम परतल्या, भाषेचा ठोकळा जोडून मिळाला, आणि फोनातली ती बाईच "अजी" म्हणू लागली. स्पष्ट. स्वच्छ. भंडाऱ्याचा वाराही न लागलेलं.

दुपारी पंजाबरावांनी फोन बेबीताईंच्या डाव्या हातात ठेवला. "आता नाव नाई त्यात. आता दाब." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले. कान दाराकडे. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. फ्रिज घुरघुरला आणि बंद पडला. त्यांनी डोकावून पाहिलं. बेबीताई फोनकडे पाहत होत्या, हेल्मेटवाल्या चेहऱ्याकडे, पुष्कळ वेळ. मग त्यांनी तो हळूच पालथा घातला आणि चादरीवर ठेवला.

पंजाबराव येऊन दिवाणाच्या कडेला बसले. "तवा ऑटोत मी जे बोललो ना... मले समजलं नाई. माह्यं चुकलं. एक डाव दाब ना."

बेबीताईंच्या घशातून काहीतरी आवाज आला. चेहऱ्याची डावी बाजू हलली. उजवी तशीच राहिली. अर्ध्या चेहऱ्यावरून पंजाबरावांना कळेना, हसली की रडली. इतकी वर्षं त्या तोंडासमोर जेवले, आता ते त्यांना वाचता येत नव्हतं. राग असेल, लाज असेल, दुसऱ्या बाईच्या तोंडून नवऱ्याला हाक मारायची नसेल, की दुखण्यानं आतून खरंच काही नेलं असेल? विचारायचं कोणाला?

न राहवून त्यांनी फोन उलटा केला आणि स्वतःच बटन दाबलं.

"अजी."

"काय?" पंजाबराव म्हणाले.

पुढचं बोलायला कोणी नव्हतं. दवाखान्यातल्या मॅडमना फोन करून काय सांगावं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

पंजाबरावांच्या घरात दुसरी बाई कधीच नव्हती. आवाज फोनचा होता. बटन पंजाबराव स्वतः दाबत होते. बेबीताईंनी ते दाबलं नाही, पहिलंही नाही आणि दुसरंही नाही.