विषय : ट्रान्सफर केस

लातूर जिल्हा नवा झाला, पण मला जीप जुनीच मिळाली. जुन्या जिल्ह्याने वाटणीत काय दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. डगमगती टेबलं, कुलूप न लागणारी कपाटं आणि ही जीप. कार्यालयात पेढे वाटले, तेव्हा मीही एक खाल्ला. पण मी कंधारचा. घर नांदेड जिल्ह्यात, डायव्हरची नोकरी इकडे. माझा जिल्हा काही नवा झाला नव्हता.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणं-मुतणं, जेवणखाण सगळं बायको करायची आणि मग घागर घेऊन पाण्याला निघायची. त्या साली पावसाने पार तोंड फिरवलं होतं. गल्लीतला आड आटला, तेव्हापासून ती किल्ल्यापलीकडच्या विहिरीवर जायची. दोघींना लातूरला आणावं म्हटलं, तर आईला एसटीत बसवणंच शक्य नव्हतं. म्हणून मी बदलीचा अर्ज केला होता. कंधार, नायगाव, भोकर, कुठेही टाका, पण नांदेडकडे टाका. सोबत डॉक्टरचा दाखला जोडला. अर्ज विचाराधीन आहे, असं आस्थापनेचे बाबू सांगायचे. त्या एका शब्दावर मी आठ महिने काढले.

दिवसभर मी बोअरची जागा दाखवणाऱ्या साहेबांना शिवारं फिरवत होतो. दुष्काळात रस्ते सोडून नदीनाल्यांतूनच जास्त जावं लागायचं. कोरड्या वाळूत जीप रुतली की चारही चाकांना ताकद द्यावी लागते. ती वाटून देणारा एक लोखंडी डबा गिअरबॉक्सच्या मागे असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. उन्हाळा लागला आणि तो डबा रडायला लागला. आधी बारीक, मग असा की साहेब मागच्या सीटवरून ओरडून बोलायचे आणि मला निम्मं कळायचं नाही.

गंजगोलाईजवळ एक म्हातारे मिस्त्री होते. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी जीपखाली शिरून डब्यातलं थोडं तेल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं. तेलात सोनेरी कणी चमकत होती.

"खूश नको होऊ, डायव्हरसाब. सोनं न्हाई, पितळ हाय. आतल्या वायसरी झिजून राहिल्यात."

त्यांनी हात माझ्या नाकाशी आणला. सडक्या अंड्यासारखा वास. स्टोअरमधून मिळायचं ते तेल हेच होतं. नव्या गाड्यांना चांगलं, म्हणाले, पण ह्या जुन्या डब्यात पितळ हाय, त्याला ह्या तेलात मिसळलेलं औषध खातं. मी विचारलं, एकशेचाळीस नंबरचं घट्ट तेल टाकू का, बाकीचे डायव्हर तेच टाकतात, आवाज बंद होतो.

"आवाज दबतो, मर्ज दबत न्हाई. नव्वद नंबर आण. साधं. बिनवासाचं. दुसरं काईबी नक्को."

स्टोअरकीपरकडे गेलो. त्याने मान वर न करता सांगितलं, वेगळं तेल पाहिजे तर लेखी अर्ज द्या आणि पार्टचं नाव बरोबर लिहा. चाचांना सांगितलं तर ते हसले. "लिव की, जीपच्या मागच्या डब्याला तेल द्या. कोणालाबी कळंल."

पण मी पडलो मॅट्रिक पास. आमच्या डायव्हरांत अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे यायचे. डबा काय लिहायचा? मी रेघांच्या कागदावर, वळणदार अक्षरात लिहिलं :

"विषय : ट्रान्सफर केसबाबत. महोदय, माझ्याकडील ट्रान्सफर केस फार जुनी झाली असून आता आवाज करीत आहे. आजवर जे देण्यात आले ते चुकीचे होते. वेळीच लक्ष न घातल्यास ती कधीही भर रस्त्यात फुटू शकते व त्याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही. तरी साधे नव्वद तातडीने मिळावे, ही विनंती."

वाचून मलाच बरं वाटलं आणि कागद आवक टेबलावर दिला. तेल हा शब्द राहिला, ते माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्यात सगळे नव्वदच म्हणतात, तेल कोण म्हणतं?

महिनाभराने आस्थापनेच्या बाबूंनी बोलावलं. मला वाटलं, बदली झाली. हातपाय धुऊन, केस विंचरून गेलो. त्यांनी माझा अर्ज टेबलावर आपटला.

"मोठ्या साहेबाला धमक्या देऊन राहिले का? भर रस्त्यात फुटेल म्हणे! आणि नव्वद काय? नव्वद दिवसांत बदली पाहिजे?"

मला आधी काही कळेना. मग कळलं. नव्या जिल्ह्यात निम्मं कार्यालय परत जायच्या खटपटीत होतं, बाबूंच्या टेबलावर बदलीच्या अर्जांची चळत होती. आवक टेबलावरच्या कुणीतरी विषय वाचला आणि माझा कागद त्या चळतीत ठेवला. त्यात कुणाची चूक काढू? मीच तसं लिहिलं होतं.

"बाबू, ते तेलाचं हाय," मी म्हणालो. "जीपच्या तेलाचं."

"यात तेल कुठंय, दाखवा."

मी कागद दोनदा वाचला. नव्हतंच. समासात मोठ्या साहेबांचा लाल शेरा होता : कर्मचारी दबाव आणत आहे. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत विचार करू नये. बाबूही जरा नरमले, त्यांना हसूही येत होतं. पण शेरा पडला तो पडला, म्हणाले. नवा अर्ज आला की जुना आपोआप निकाली निघतो. आईचा दाखला लावलेला माझा अर्ज त्यांनी बंद फाइलींच्या गठ्ठ्यात टाकला होता.

मला राग आला नाही. रागवायलाही अंगात काही असावं लागतं. बाहेर येऊन मी जीपच्या सावलीला बसून राहिलो आणि साहेबांनी हाक मारली तेव्हा उठलो.

पुढच्या रविवारी कंधारला गेलो. बायको पाण्याला निघाली होती. दारातच तिला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, कारण लातूरला सगळे हसले होते. ती हसली नाही.

"आन् त्याल? ते तरी भेटलं का?"

"न्हाई."

"मंग जीप?"

"चालवून राहिलोय तशीच."

आतून आईने पाणी मागितलं. मी जाऊन पाजलं. भांड्यात तेवढंच होतं. परत आलो आणि बायकोच्या कमरेवरच्या घागरीला हात घातला. आज मी जातो म्हटलं. तिने घागर सोडली नाही.

"नका," ती म्हणाली. "तुमी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. माझी सवय मोडू नका."